जीतामध्ये भाव पाडण्याआधी

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये नवीन आहेस, तर जीताच्या, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या व्यापारी केंद्राच्या, बाजारात माल लावला रे लावला की कुणीतरी तुझ्याखाली भाव लावणारच. लगेच ऑर्डर बदलायला धावू नकोस. मार्च २०२० पर्यंत ०.०१ इस्कनेही (इस्क म्हणजे गेममधलं चलन) भाव पाडता यायचा. आता पहिले चारच अंक बदलता येतात. म्हणजे १,२५,४०,००० चा नग किमान १०,००० नेच उतरतो, वर प्रत्येक बदलाला ब्रोकरची फी. सुरुवातीला मी एकाच मालाचा भाव दिवसात आठ-नऊदा बदलला. माल खपला, नफा मात्र फीतच गेला. फार जीव जळला होता तेव्हा.

समोरच्याकडे किती नग आहेत ते बघ. पाच-दहाच असतील तर खपू देत, गिऱ्हाईक मग तुझ्याकडेच येईल. शेकड्यांनी असतील, तर अमार या दुसऱ्या व्यापारी केंद्रातला भाव बघून ये.