नैरोबीचा प्लॉट राहू द्या, आधी लेकीशी बोला

प्रश्न : मुलगी भूगोलात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, 68 टक्के पडतात. भूगोलाला पुढे स्कोप नाही. तिचे मामा नैरोबीत प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत, त्यांच्या हाताखाली पाठवायचं ठरवलंय. तिच्या शिक्षणाच्या 12 लाखांतून नैरोबीबाहेरच्या किटेंगेलाजवळ तिच्या नावावर प्लॉटही घेतो. तिला अजून विचारलं नाही, पण ती नाही म्हणणार नाही. बरोबर आहे ना? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीवर मी अडकले. ‘ती नाही म्हणणार नाही.’ तिचा धंदा, तिचा देश आणि तिच्या शिक्षणाचे पैसे, सगळं ठरलं आणि तिला पत्ताच नाही. अशा मुली माझ्यासमोर येऊन बसतात. त्या खरंच नाही म्हणत नाहीत. वडिलांकडे बघून मान हलवतात, आणि दोन वर्षांनी आई एकटीच येते, ‘ती घरात कुणाशी बोलतच नाही हो’ म्हणत. मामाजवळ पोरगी सुरक्षित राहील, हा तुमचा विचार मला कळतो. तरीही तुमचं चुकतंय.

आता प्लॉट. आफ्रिकेत जमीन मोकळी पडलीय, हा समज आधी डोक्यातून काढा. केनियाच्या 2010 च्या संविधानाप्रमाणे परदेशी नागरिकाला जमिनीची मालकी मिळत नाही, मिळतो तो भाडेपट्टा, तोही जास्तीत जास्त 99 वर्षांचा. शेतजमीन असेल तर लँड कंट्रोल बोर्डाची संमती लागते आणि परदेशी माणसाला ती सहसा मिळत नाही. मामा तिथले नागरिक असतील तर ते घेऊ शकतील, पण मग जमीन त्यांची, तुमच्या लेकीची नाही. आणि किटेंगेलाचा माळ बिनमालकाचा कधीच नव्हता. ती मसाई या गुरं राखणाऱ्या लोकांची सामाईक कुरणं. पुढे वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले. नैरोबी नॅशनल पार्कातले झेब्रे आणि विल्डबीस्ट पावसाळ्यात याच माळावर उतरायचे. कुंपणं घालू नयेत म्हणून 2000 पासून मसाई कुटुंबांना एकरी वर्षाला 4 डॉलर दिले जाऊ लागले. प्लॉटवाल्यांच्या भावापुढे ते टिकणं अवघडच होतं. मी तो भाग पाहिलाय. सिमेंटचे हद्दीचे खुंट, पत्र्याचं कुलूपबंद फाटक, घर नाही, भिंतही नाही. फाटकाला वळसा घालून गाई चरत चाललेल्या.

तिथे पन्नास बाय शंभर फुटांचे तुकडे विकतात. पुष्कळदा टायटल, म्हणजे मालकीचा कागद, अख्ख्या जमिनीचं एकच असतं आणि तुकड्यांची टायटल निघण्याआधीच हप्ते सुरू होतात. गुंठेवारीत फसलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील, सातबाऱ्यावर नाव नाही आणि हातात नुसत्या पावत्या. मामांना एवढंच विचारा : या तुकड्याचं वेगळं टायटल आहे का, आणि ते कुणाच्या नावावर?

राहिला भूगोल. जमीन मोजणं, नकाशा वाचणं, शहर कुठल्या अंगाला सरकतंय ते ओळखणं, हे सगळं तुमची लेक शिकतेय. पुणे विद्यापीठात जिओइन्फर्मॅटिक्स, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळण्याचं शिक्षण आहे. नेदरलँड्समध्ये एन्स्केडे शहरातल्या आयटीसी या संस्थेत जमीन प्रशासनच शिकवतात. एमपीएससीचं तुम्हाला माहीत आहेच. उद्या ती स्वतःहून मामांकडे जायचं म्हणाली, तरी मोजणी आणि कागद कळणारी होऊन जाऊ दे.

तोवर पैसे पाठवू नका. तिला माझ्याकडे घेऊन या. पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही बाहेर बसा.