‘कोणाला वाचवू?’ या प्रश्नापाशी अडलेला मुलगा

“मॅडम, हे झॉम्बींचे गेम खेळून मुलगा मनाने निबर तर होणार नाही ना?” हा प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात. १४ वर्षांच्या एका मुलाच्या आईनेही तो विचारला, पण तिच्या तक्रारीतला एक तपशील मला वेगळा वाटला. ओंकार (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) पुढे खेळतच नव्हता. तोच अर्ध्या तासाचा भाग तो दोन महिने पुन्हा पुन्हा खेळत होता आणि त्यानंतर न जेवता झोपत होता.

शाळा, क्रिकेट, मित्र हे सारे सुरळीत चालू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे, परंतु त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही लक्षणे साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी लागतात. इथे तसे काहीच नव्हते. म्हणून “व्यसन” हा शब्द आपण तूर्त बाजूला ठेवू, असे मी आईला सांगितले.

गेम होता ‘द वॉकिंग डेड’. कॅलिफोर्नियातील टेलटेल गेम्सने २०१२ मध्ये पाच भागांत आणलेल्या या कथेत ली एव्हरेट हा गुन्हेगार ठरलेला माणूस अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात क्लेमेंटाइन नावाच्या आठ वर्षांच्या अनोळखी मुलीचा सांभाळ करतो. नेमबाजीपेक्षा इथे संभाषण अधिक असते. उत्तर निवडायला मोजके सेकंद मिळतात, गप्प राहणे हेही एक उत्तर धरले जाते, आणि आपण काय केले ते क्लेमेंटाइन लक्षात ठेवील, अशी ओळ पडद्यावर उमटते. गेम प्रौढांसाठीचा आहे, युरोपातील वर्गीकरणानुसार १८ वर्षांवरील. त्यामुळे १४ वर्षांच्या मुलाने तो एकट्याने खेळू नये, हे माझे मत मी त्या घरातही स्पष्टपणे मांडले. मात्र बंदी घालण्याआधी तो नेमका कुठे थांबतो हे मला पाहायचे होते.

पुढच्या भेटीत ओंकार लॅपटॉप घेऊन आला. मेकन शहरातल्या औषधाच्या दुकानावर हल्ला होतो. लीच्या सोबत असलेल्या डग नावाच्या माणसाला खिडकीतून आत आलेल्या हातांनी धरलेले असते, कार्ली नावाच्या बाईचा पाय एका झॉम्बीने पकडलेला असतो आणि तिची काडतुसे हाताच्या अंतराबाहेर असतात. ली या दोघांपैकी एकालाच वाचवू शकतो. ओंकारने माऊसवरचा हात उचलला, तळवा पँटला पुसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “दोघांनाही वाचवून बघितलं मॅडम. एकाला वाचवलं की दुसरा जातोच.”

“आणि गेम सोडला तर हा प्रश्न दुसरीकडे कुठे भेटतो का तुला?” मी विचारले.

बऱ्याच वेळाने तो बोलला. आईबाबा आठ महिन्यांपासून वेगळे राहत होते आणि खटला कोर्टात होता. दोघांनीही त्याला एकेकटे गाठून, अगदी मायेने, “तुला कोणाकडे राहायचंय?” असे विचारले होते. दोन्ही वेळा तो गप्प राहिला होता, आणि आपले ते गप्प राहणे दोघांनीही मनात नोंदवून ठेवले असेल, अशी त्याची खात्री झाली होती.

या मुलाचे मन निबर झालेले नव्हते, उलट ते इतके हळवे होते की खेळातल्या माणसालाही त्याच्याने सोडवत नव्हते. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समजत्या वयाच्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते, पण निर्णय न्यायालयाचा असतो आणि तो मुलाच्या हिताचा विचार करून घेतला जातो. म्हणजे तो भार त्याच्या शिरावर नाही. आणि आईसोबत राहिल्याने बाबा नाहीसे होत नाहीत, त्यांना भेटायचे दिवस ठरवून मिळतात. पहिले त्याने शांतपणे ऐकून घेतले. दुसरे मात्र त्याने तीन वेळा विचारून घेतले: शनिवार-रविवार का, दिवाळीत कोणाकडे, बाबांची बदली झाली तर काय.

त्यानंतर मी आईवडिलांना एकत्र बोलावले. वडील आधी यायला तयार नव्हते. मुलाचा प्रश्न मी त्याच्याच शब्दांत त्यांना सांगितला, तेव्हा खोलीत बराच वेळ कोणीच बोलले नाही. “कोणाकडे राहायचंय” हा प्रश्न घरात पुन्हा विचारायचा नाही आणि दिवाळीचे वेळापत्रक दोघांनी मिळून ओंकारला सांगायचे, एवढे त्या दिवशी ठरले. वेळापत्रक वडिलांनी माझ्यासमोर कागदावर लिहिले आणि आईने त्यात भाऊबीजेचा दिवस बदलून घेतला.

गेम बंद करायला मी सांगितले नाही. वडिलांनी शेजारी बसावे, असे सुचवले. चौथ्या भेटीत ओंकार दुसऱ्या भागाबद्दल बोलत होता, जिथे लीपाशी खाण्याच्या चारच वस्तू असतात आणि भुकेली माणसे त्याहून जास्त. वडिलांनी त्या वस्तू कोणाला द्यायला लावल्या, यावर दोघांचा वाद झाला होता. तो वाद मला सांगताना ओंकार घाईघाईने, हातवारे करत बोलत होता.