वर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद

प्रश्न : नमस्कार ताई, अकोल्याहून लिहितोय. सूर्यघर योजनेतून गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार सबसिडी पण खात्यात आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा भर दुपारी लाइट गेली तर सोलर पण बंद! बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे काका असंच असतं. आणि दुसरं म्हणजे मार्चपेक्षा मे महिन्यात युनिट कमी पडले, ऊन तर ४४ डिग्री. पॅनल डुप्लिकेट तर नाहीत ना माथी मारले?

उत्तर : काका, तो खरं बोलला, फक्त अर्धंच बोलला. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात पाहुणे जेवायला बसलेले, बाहेर ऊन भाजून काढतंय, वर पॅनल चमकतायत आणि घरात मी पुठ्ठ्याने वारा घालतेय, तेव्हा मलाही हाच संताप आला होता. तर तुमचा सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, आहे ऑन-ग्रिड, तो बाहेरच्या लाइनकडे बघून चालतो, लाइन मेली की एकदोन सेकंदात स्वतःच बंद होतो, मुद्दाम तसाच बनवलाय. कारण लाइट गेली की वायरमन खांबावर चढतो, आणि त्याच वेळी तुमच्या गच्चीवरून करंट लाइनीत उलटा गेला तर तो माणूस तिथेच चिकटेल. लाइट गेल्यावरही सोलर चालू हवं असेल तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि सबसिडी किलोवॅटवर मिळते, बॅटरीवर नाही. माझं मत विचाराल तर लाइट तासदोन तासच जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर-बॅटरी पंख्या-दिव्यापुरता राहू द्या, नवीन खर्चात पडू नका.

आता युनिटचं. पॅनलला ऊन हवं असतं पण ताप सोसत नाही, हे कोणी विकताना सांगत नाही. मागच्या स्टिकरवर जे वॅट लिहिलेत ते पॅनल २५ डिग्रीला असताना मोजलेले असतात. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी ती काळी काच सहज ६५ ला जाते, आणि दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे ४० डिग्री जास्त झाले की बारा ते सोळा टक्के गेले, त्यात वावटळीची धूळ आणि कबुतरांची मेहरबानी वेगळी. तेव्हा डुप्लिकेट वगैरे लगेच म्हणू नका. पहाटे काच गार असताना साध्या पाण्याने धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलंत तर तडा जायचा. आणि पाण्याच्या टाकीची सावली एखाद्या पॅनलवर येते का तेही बघा, ते एकाला एक जोडलेले असतात, एक सावलीत गेला की बाकीच्यांनाही मागे खेचतो.

प्रश्न : ताई, मी चंद्रपूरचा, कोळशावरच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. सगळे सोलर सोलर करतायत. सगळ्यांच्या गच्चीवर झालं की आमचं केंद्र बंद होणार का? पोराची दहावी झालीये, आयटीआयला टाकायचाय.

उत्तर : दादा, बातम्यांत दोन आकडे येतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. २०२५ च्या मध्यावर सरकारने सांगितलं की देशातली निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅसशिवायची झाली. खरं आहे. पण क्षमता म्हणजे घरात किती भांडी आहेत ते, रोज शिजतं कशात ते नाही. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन अजून कोळशाचीच आहेत, कारण सोलर रात्री झोपतं.

संध्याकाळी सातला काय होतं बघा. सोलर शून्य, आणि घराघरात एसी, टीव्ही, मिक्सर सगळं एकदम चालू. तो भार तुमच्या २९२० मेगावॅटच्या केंद्रासारखी केंद्रंच उचलतात. दुपारी सोलर भरपूर म्हणून तुमच्या संचांची, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्रांची, वीज कमी करायला सांगतात, पण बॉयलर म्हणजे काही पंख्याचं बटण नाही, क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांच्या खाली नेला की त्रास, आणि संध्याकाळी परत वर चढवायचा. या रोजच्या चढउताराने यंत्रं जास्त झिजतात, हे तुम्ही आत राहून माझ्यापेक्षा जास्त बघत असाल.

म्हणजे कोळसा कायमचा का, तर तसंही नाही. तुमच्याकडचेच २१० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झालेत ना. जुने असे एकेक करून जातील, पण एका रात्रीत कुलूप लागणार नाही. २०२१ ला ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत कोळसा ‘बंद करत नेऊ’ असं लिहायचं होतं, भारताने शेवटच्या घटकेला ‘कमी करत नेऊ’ करून घेतलं, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा माफी मागताना गळा दाटून आला होता. तेव्हा मलाही भारताचा राग आला होता, आता तेवढा येत नाही, कारण चंद्रपुरात कपडे वाळत घातले की राख बसते हे जेवढं खरं, तेवढंच त्या राखेवर हजारो चुली पेटतात हेही खरं. मला राग येतो तो याचा की कंत्राटी माणसाचं पुढे काय हे कुठल्याच कागदात धड दिसत नाही.

खरा खेळ साठवणुकीचा आहे. आपल्याकडे भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे, वीज जास्त असली की खालचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की घाटावरून खाली सोडून वीज करायची. असे प्रकल्प आणि मोठ्या बॅटऱ्या स्वस्तात उभ्या राहिल्या की मग संध्याकाळी सातचा भार तुमच्या बॉयलरवरून हलू लागेल.

पोराला इलेक्ट्रिशियनला टाका. फिटरही वाईट नाही, पण इलेक्ट्रिशियनचा हात वीज केंद्रातही चालतो आणि गच्चीवर पॅनल जोडायलाही. सुट्टीत एखाद्या सोलर बसवणाऱ्याच्या हाताखाली महिनाभर पाठवा, उंचीची भीती आहे की नाही तेही कळेल. पट्टा बांधल्याशिवाय पत्र्यावर चढायचं नाही एवढं आधीच बजावून ठेवा.