शंका-समाधान : चार्जरचे चिमटे उलटे लागले तर…

प्रश्न : ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या गॅरेजात १५ व्होल्ट, ५ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर आणि २५ अँपियरचा ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) वापरून १२ व्होल्टचा चार्जर बनवला आहे. चिमटे उलटे लागले की ब्रिज उडतो. म्हणून प्लसच्या वायरीत १० अँपियरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातला, तर पुढच्या वेळी ब्रिजबरोबर तोही गेला. असे का? — एक वाचक, जि. सातारा

उत्तर : सिरीजमधला डायोड या कामाचाच नाही. बॅटरी उलटी लागली की तिच्या प्लसमधून निघालेला करंट चार्जरच्या मायनसमध्ये शिरतो, ब्रिजमधून जातो आणि चार्जरच्या प्लसमधून बाहेर पडतो. चार्जिंगचा करंटही याच दिशेने वाहतो, त्यामुळे तुमच्या डायोडला दोन्ही सारखेच. इन्व्हर्टर किंवा रेडिओसारख्या लोडला असा डायोड वाचवतो, आणि तीच आकृती लोक चार्जरलाही चिकटवतात.

भिंतीवरचा स्विच बंद असला तरी ब्रिज जातो, हेही लक्षात घ्या. दोन-दोन मीटरच्या दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटर) दोन तांब्याच्या वायरींचा रोध जेमतेम ०.०५ ओहम. १२ व्होल्टमधून ब्रिजवर पडणारे साधारण २ व्होल्ट वजा केले, तर उरलेल्या १० व्होल्टला ०.०५ ओहममधून २०० अँपियर वाहतात. बॅटरीचा आतला रोध धरून थोडे कमी म्हणा. हा धक्का ब्रिज फार काळ सोसत नाही.

फ्यूज हवाच, आणि तो लाल चिमट्याजवळ हवा. गाडीचा पात्याचा १० अँपियरचा घ्या. काचेचा छोटा फ्यूज इतक्या करंटला तुटताना आत ठिणगी धरून ठेवतो, कधी फुटतोही. मात्र एकट्या फ्यूजवर ब्रिज वाचेलच असे नाही; आधी कोण उडेल ही शर्यतच असते.

खरा उपाय रिलेचा, म्हणजे कॉइलला करंट मिळाला की आतला संपर्क जोडणाऱ्या स्विचचा. गाडीच्या हॉर्नचा किंवा हेडलाइटचा १२ व्होल्ट, ३० अँपियरचा रिले घ्या. ब्रिजचा प्लस ३० नंबरच्या पिनला, ८७ नंबरवरून फ्यूज आणि पुढे लाल चिमटा. आता कॉइल : ८७ कडूनच एक १एन४००७ डायोड काढून त्याचे पट्टीचे टोक ८६ ला जोडा, ८५ मायनसला. कॉइलवर आणखी एक १एन४००७ उलटा टाका, म्हणजे पट्टी ८६ कडे. बॅटरी सरळ लागली तर तिच्याच करंटवर रिले टक् करून ओढतो आणि चार्जर जोडला जातो. उलटी लागली तर पहिला डायोड कॉइलला करंट देत नाही, संपर्क उघडाच राहतो, फ्यूजही जात नाही.

सूचनेसाठी दोन चिमट्यांमध्ये लाल एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १एन४१४८ सिरीजमध्ये घाला. एलईडीचा अ‍ॅनोड (प्लसचे टोक) काळ्या चिमट्याकडे ठेवा, १एन४१४८ ची पट्टी लाल चिमट्याकडे. १एन४१४८ गाळू नका. बॅटरी सरळ असताना एलईडीवर १४ व्होल्ट उलटे येतात आणि तिची सोसण्याची हद्द साधारण ५ व्होल्टच असते.

या सर्किटात दोन खोडी आहेत. पहिली जास्त वाईट : चार्जर चालू ठेवून बॅटरी काढली, तर चार्जरचाच व्होल्टेज रिले धरून ठेवतो. चिमटे जिवंत राहतात आणि पुढची बॅटरी उलटी लागली की रिलेचे संरक्षण शून्य. म्हणून आधी भिंतीवरचा स्विच बंद, मग चिमटे काढायचे, आणि पुढची बॅटरी लावूनच स्विच चालू. स्विच बंद करून बॅटरी रात्रभर तशीच ठेवू नका; कॉइल साधारण ०.१४ अँपियर खाते.

दुसरी खोड अगदी उतरलेल्या बॅटरीची. ७-८ व्होल्टच्या खाली रिले ओढतच नाही. तिथे रिलेच्या संपर्कावर, म्हणजे ३० आणि ८७ च्या मध्ये, थेट पुशबटण लावणे म्हणजे सगळे संरक्षण गुंडाळून ठेवणे. बटणाच्या सिरीजमध्ये ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घाला. मल्टिमीटरने ध्रुव तपासून बटण दाबून धरा. बॅटरीचा व्होल्टेज वाढला की रिले स्वतः ओढतो. चुकून उलटी असेल तर बल्ब लख्ख पेटतो, करंट १ अँपियरच्या आसपासच राहतो आणि रिले ओढत नाही.

तपासणीही त्याच बल्बने करा. तो लाल चिमट्याच्या सिरीजमध्ये ठेवून बॅटरी मुद्दाम उलटी लावा. बल्ब पेटला किंवा रिले वाजला, तर जोडणी चुकली आहे.

प्रश्न : रिलेऐवजी पी-चॅनल मोसफेट (गेटच्या व्होल्टेजवर सोर्स आणि ड्रेन जोडणारा ट्रान्झिस्टर) चालेल का?

उत्तर : लोडला उलट्या बॅटरीपासून वाचवण्यासाठी छापतात ते सर्किट चालणार नाही. तसेच लावले तर मोसफेटच्या आतला डायोडच उलट्या बॅटरीचा करंट जाऊ देतो. फिरवून लावले, म्हणजे सोर्स चार्जरकडे आणि ड्रेन बॅटरीकडे, तर चार्जर बंद असताना संरक्षण मिळते. चालू असताना मात्र चार्जरचा व्होल्टेज गेटला जागे ठेवतो. उलट्या बॅटरीवर मोसफेट अर्धवट चालू राहतो आणि बघता बघता तापून जातो. गेटला इशारा बॅटरीच्या बाजूनेच मिळायला हवा, त्यासाठी वेगळा ट्रान्झिस्टर लागतो. ५ अँपियरच्या चार्जरसाठी एवढा खटाटोप कशाला? रिले स्वस्त आहे, आणि ओढल्याचा आवाजही देतो.

प्रश्न : चार्जरमध्ये फिल्टर कपॅसिटर (डीसीचे चढउतार सपाट करणारा) नाही. टाकावा का?

उत्तर : लेड-अ‍ॅसिड बॅटरीला गरज नाही. तो टाकला की रिकाम्या चार्जरचा व्होल्टेज १९-२० वर जातो आणि उलट जोडणीत ब्रिज तुटला तर कपॅसिटरही उलटा पडून फुटतो.