डायनामोवाल्या मॉरिस मायनरचा रेग्युलेटर: पार्ट बरोबर आहे, मग बॅटरी का उकळते?

तुमचा प्रश्न असा: १९६० च्या मॉरिस मायनर कारला रंग दिल्यावर नवा लुकास रेग्युलेटर (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचं व्होल्टेज आवरणारा डबा) बसवला, तेव्हापासून बॅटरी उकळते, पार्ट चुकला की बसवणं चुकलं? लक्षणांवरून मी आधी त्याच्या ‘ई’ टर्मिनलचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेलं कनेक्शन, तपासेन.

आतली व्होल्टेज कॉइल ‘डी’ (डायनामोकडचं टर्मिनल) आणि ‘ई’ यांच्यामधलं व्होल्टेज बघते. ‘ई’ची काळी वायर रंगावरच आवळली असेल तर कॉइलला खरं व्होल्टेज मिळत नाही. पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उशिरा उघडतात, तोवर डायनामोच्या फील्डला (चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला) पूर्ण करंट जातो आणि बॅटरी ओव्हरचार्ज होते. लगखालचा (वायरच्या टोकाच्या कडीखालचा) रंग चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. इंजिन रेस करून ‘ई’ आणि डायनामोची बॉडी यांत मीटर लावा. जवळजवळ शून्य यायला हवं.

पार्ट म्हणाल तर लुकासचा आरबी १०६/२ हा रेग्युलेटर बरोबर आहे. तो उभा आणि टर्मिनल खाली येतील असाच बसवा. मात्र याच डब्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट घातलेले नवे पार्टही मिळतात आणि ते पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह अशा एकाच अर्थसाठी (बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलेलं असतं त्यासाठी) असतात. मायनर मूळची पॉझिटिव्ह अर्थ, हे विसरू नका. वायरी रंगावरून जुळवा: डायनामोच्या मोठ्या टर्मिनलची पिवळी ‘डी’ला, छोट्याची पिवळी-हिरवी ‘एफ’ला.

अर्थिंग पक्कं झाल्यावरच रेग्युलेटरच्या व्होल्टेज सेटिंगला हात घाला. बॅटरी आणि लाइटकडे जाणाऱ्या ‘ए’ आणि ‘ए१’च्या वायरी काढून एकमेकींना जोडा, मीटर ‘डी’ आणि ‘ई’वर लावा, रेस हळूहळू वाढवा. काटा थरथरून स्थिरावेल तिथे, २० अंश सेल्सिअसला, १६.० ते १६.६ व्होल्ट हवेत. आकडा मोठा वाटेल, पण बॅटरी जोडलेली नसताना तोच योग्य; बॅटरी जोडून १४ वर आणायला जाल तर पुढे चार्जिंगच कमी पडेल. काम ३० सेकंदांत उरका, कारण कॉइल तापली की रीडिंग फसवं येतं.

रेग्युलेटरचे पॉइंट बारीक कार्बोरंडम दगडाने घासा, कटआऊटचे (त्याच डब्यातला, बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा स्विच) मात्र बारीक काचपेपरनेच. एमरी दोन्हीकडे नको. डायनामो दुरुस्त होऊन आला असेल तर त्याच्या दोन्ही वायरी काढून बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर छोट्या टर्मिनलवर दोन-तीनदा क्षणभर टेकवा, म्हणजे डायनामोची पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) बसेल.