माहितोच्या दुःखाकडे पाहताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ या अॅनिमेशनपटावरचे तुझे परीक्षण वाचले. भाषा स्वच्छ आहे आणि चित्रपटाविषयीची आस्थाही जाणवते. मात्र निम्म्याहून अधिक मजकूर दिग्दर्शकाच्या चरित्रावर खर्ची पडला आहे आणि आई गमावलेल्या छोट्या नायकाच्या, माहितोच्या, वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आहेत.

असे का झाले हे मी समजू शकतो. १४ जुलै २०२३ रोजी हा चित्रपट जपानमध्ये लागला तेव्हा मियाझाकींच्या स्टुडिओ जिबलीने ना झलक दाखवली होती ना कथासार दिले होते. बगळ्याचे एकच भित्तिपत्रक तेवढे लोकांसमोर होते. त्यामुळे पहिले समीक्षक अर्थाच्या शोधात दिग्दर्शकाच्या आयुष्याकडे वळले. पुढे निर्माते तोशिओ सुझुकी यांनीच सांगितले की माहितो म्हणजे मियाझाकी, मनोऱ्यात स्वतःचे जग रचून बसलेले पणजोबांच्या वयाचे आजोबा म्हणजे २०१८ मध्ये निवर्तलेले सहकारी इसाओ ताकाहाता आणि बगळा म्हणजे सुझुकी स्वतः. हे सूत्र हाती आल्यावर कित्येक परीक्षणांत प्रत्येक पात्राला एकेक खरे नाव चिकटवण्यापलीकडे काही उरले नाही. मार्च २०२४ मध्ये ऑस्कर मिळाल्यावर तर ‘वृद्ध कलावंताचा निरोप’ हाच या चित्रपटाचा सर्वमान्य अर्थ ठरून गेला.

हे सूत्र खोटे नाही, पण नेमके दुःखापाशी ते तोकडे पडते. मियाझाकींचा जन्म १९४१ चा. त्यांचे वडील विमानांचे सुटे भाग बनवणारा कारखाना चालवत, हे माहितोच्या घराशी जुळते. त्यांच्या आईला मणक्याचा क्षय झाला होता आणि ती वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होती, परंतु त्यांच्या बालपणी ती गेली नाही. म्हणजे माहितोच्या आईचा मृत्यू ही रचलेली गोष्ट आहे. आत्मचरित्र म्हणवल्या जाणाऱ्या कथेत कलावंताने जी गोष्ट स्वतः घडवून घातली, तिच्यावर समीक्षकाने सर्वांत जास्त वेळ थांबायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

तेव्हा आरंभीचा अग्निप्रसंग पुन्हा पाहा. आई हवाई हल्ल्यात गेली असे तू लिहिले आहेस, आणि अनेक समीक्षकांनीही तसेच लिहिले आहे. चित्रपटात मात्र भोंगा ऐकू येतो, रुग्णालय पेटल्याचे कळते आणि माहितो धावत सुटतो. विमान किंवा बॉम्ब कुठेच दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात टोकियो बेचिराख करणारे मोठे हल्ले तर पुढचे आहेत. अॅनिमेटर शिन्या ओहिरा यांनी रेखाटलेल्या त्या धावण्यात माणसांच्या आकृती आगीच्या धगीत वितळल्यासारख्या होतात. माहितोला दोष द्यायला शत्रूसुद्धा मिळत नाही, आणि हे निसटले की पुढचे त्याचे सगळे वागणे तुटक वाटू लागते.

‘नायक भावनाशून्य आहे’ हा तुझा आक्षेप इतर अनेकांनीही घेतला आहे. तो रडत नाही, हे खरे. आईच्याच धाकट्या बहिणीशी, नात्सुकोशी, वडिलांनी लग्न केलेले असते, ती गरोदर असते आणि त्याचा हात धरून आपल्या पोटावर ठेवते. तो शिष्टाचाराने वाकतो आणि गप्प राहतो. शाळेतून परतताना तो दगडाने स्वतःच्या डोक्याला जखम करून घेतो आणि घरी पडलो म्हणून सांगतो. वडील संतापून शाळेकडे धाव घेतात आणि त्यांना काहीही कळत नाही. एवढे समोर दिसत असताना या मुलाला भावनाशून्य कसे म्हणायचे? नात्सुको रानाकडे जाताना त्याला दिसते, तरी तो तिला थांबवत नाही. बाण तासत बसतो. त्यानंतर आईने त्याच्यासाठी ठेवलेले पुस्तक त्याच्या हाती लागते, पानांवर टपटप अश्रू पडतात, आणि मगच तो तिला शोधायला निघतो. हा क्रम ध्यानात घेतला की ते अश्रू कथेला कुठे वळवतात ते दिसते.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. उत्तरार्धात मनोऱ्यातल्या त्या अद्भुत जगात पाणकोळी, पोपट, त्यांचा राजा, ठोकळे यांची दाटी होते आणि पोपटांचा भाग मलाही लांबलेला वाटतो. तुझे मत तसेच ठेव, फक्त कोणता प्रसंग कशामुळे सैल पडतो ते नेमके सांग. मात्र त्याच उत्तरार्धातले प्रसूतिगृह तू एका वाक्यात उरकले आहेस, याचे मला वाईट वाटले. तोपर्यंत माहितो नात्सुकोची ओळख ‘वडिलांना आवडणारी बाई’ अशी करून देत असतो. तिथे ती त्याचा तिरस्कार करते असे ओरडून सांगते, लटकणाऱ्या कागदी पट्ट्या दोघांवर तुटून पडतात, आणि त्या गदारोळात तो तिला पहिल्यांदा आई म्हणून हाक मारतो. सावत्रपणाचा राग दोन्ही बाजूंना असतो आणि तो बोलून टाकल्याशिवाय नाते सुरू होत नाही, हे बालचित्रपटात इतक्या उघडपणे क्वचितच येते.

शेवटी आजोबा आपले जग त्याच्या स्वाधीन करू पाहतात, तेव्हा माहितो कपाळाच्या बाजूची जखम दाखवून ती आपल्याच मनातल्या दुष्टाव्याची खूण असल्याचे सांगतो आणि नकार देतो. ‘कलावंताला वारस मिळाला नाही’ हा तुझा अर्थ इथे लागू होतो, पण त्याआधी एका मुलाने आपण कोणापाशीही न बोललेली गोष्ट मोठ्या माणसासमोर कबूल केली आहे. हिमीचा, म्हणजे त्या जगात भेटलेल्या आईच्या लहानपणीच्या रूपाचा, निरोपही याच बाजूने वाच: पुढे आगीत मरण आहे हे ठाऊक असूनही ती स्वतःच्या दारातून परत जाते, कारण त्या दारापलीकडे माहितोचा जन्म आहे.

चरित्राचा भाग एका परिच्छेदात आण, हवाई हल्ल्याचा उल्लेख दुरुस्त कर आणि प्रसूतिगृहाच्या प्रसंगाला हवी तेवढी जागा दे. कारखानदार वडिलांवर तू काहीच लिहिलेले नाहीस. ते मुलावर प्रेम करतात आणि त्याच युद्धावर त्यांची भरभराटही होते, याविषयी तुझे मत वाचायला मला आवडेल. नवा खर्डा झाला की पाठव.