शेळ्यांना अँटिबायोटिकऐवजी झाडपाल्याचं औषध चालतं का?

थोडं चालतं, पण कुठे ते बघून. करडांना हगवण लागली की लोक लगेच अँटिबायोटिक टोचतात, पण पावसाळ्यात बऱ्याचदा ते जंतच असतात आणि जंतावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. शेळीची खालची पापणी ओढून बघा, लालऐवजी पांढरट दिसली, जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर रक्त पिणारा जंत समजा, लेंडी तपासून घ्या. इथे बाभळीचा पाला, शेंगा खरंच कामाच्या, त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) जंताचा जोर कमी करतं, आधीच अशक्त झालेल्या शेळीला मात्र जंताचं औषधच द्या. आणि शेंगा थोड्याच, टॅनिन जास्त झालं तर खाद्यातलं प्रोटीन अंगी लागत नाही, शेळी खाणंही कमी करते.

ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, लसणातलं अ‍ॅलिसिन लॅबमध्ये जीवाणू मारतात हे खरं, पण शेळीच्या पोटात त्यातलं बरंच मोडून जातं आणि डोस वाढवला तर रवंथाच्या पोटातले चांगले जीवाणूपण मरतात, म्हणून तेल अंदाजाने पाजू नका प्लीज.

ताप, धाप, नाकातून घट्ट शेंबूड म्हणजे न्यूमोनिया वाटला तर काढे करत बसू नका, डॉक्टरला बोलवा, तिथे अँटिबायोटिकच लागतं, पूर्ण कोर्स द्या आणि त्यांनी सांगितलेले दिवस दूध विकू नका. युरोपात नुसतं वजन वाढवायला अँटिबायोटिक देणं 2006 पासून बंद आहे, आपल्याकडे कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या जनावरांतल्या वापरावर 2019 मध्ये बंदी आली. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात जीवाणूंचं विष होतं तो रोग) लस आणि गोठा कोरडा, एवढं केलंत तरी इंजेक्शनं निम्मी कमी होतील असं मला वाटतं.